कडेकडून आत : दिवाडीच्या गोधडी-शिबिराच्या नोंदी

१८ ऑगस्ट २०२४, रविवार

आज वही घातली. शाळेत शिवण शिकवायचे तेव्हा दर प्रदर्शनाला अशी एक वही असायची आणि पुढच्या वर्षी नेमकी तीच सापडायची नाही. ही पिठाच्या डब्यामागे ठेवणार आहे. तिथे माझ्याशिवाय कोणी हात घालत नाही.

विषय धाकट्या जावेने काढला. ती पणजीला हॉटेलात रिसेप्शनवर होती. तिथे उतरलेल्या एका अमेरिकन बाईने तिला सांगितलं होतं की त्यांच्याकडे बायका गोधड्या शिवायला जहाजावर जातात. सात-सात दिवस, अलास्काला नाहीतर कॅरिबियन बेटांकडे. जहाज बंदराला लागलं की सगळ्या फिरायला उतरतात. जहाज नुसतं चालत असतं त्या दिवशी सभागृहात शिलाई मशीनं मांडून वर्ग भरतो. शिकवणारीचा प्रवासखर्च त्यातूनच निघतो. जाऊ म्हणाली, “वयनी, आपल्या दारात समुद्र, तुमच्या हातात सुई. अडलंय कुठे?”

अडलंय ते इतकंच, की मला बोट लागते. दिवाडी बेटाची फेरीबोटसुद्धा मी कठड्याला धरून, पलीकडच्या काठावर डोळा ठेवून पार करते.

तरी चहा संपेपर्यंत दोन गोष्टी ठरल्या. तीन दिवसांचं निवासी शिबिर, जमिनीवर. ते मी बघायचं. आणि जहाजाची चौकशी, ती जावेने करायची.

२६ ऑगस्ट, सोमवार

गोकुळाष्टमी. पाऊस धरूनच आहे.

शेजारच्या सात घरांतून जुनी लुगडी, साड्या, चादरी जमवल्या. अर्ध्यांना कपाटाचा वास, तिघांवर बुरशीचे काळे ठिपके. ठिपके पडलेलं कापड मी घेत नाही. ते धुऊन वर वर निघतं, पण धागा आतून कुजलेला असतो आणि टाका घट्ट ओढला की फाटतो. परत करताना मात्र पंचाईत झाली. एक म्हणाली, “आमच्या आईचं लुगडं तुला चालत नाही होय?” शेवटी ते ठेवून घेतलं. आतल्या थरात जाईल.

संध्याकाळी दोरे जाळून बघितले. सुती दोरा कागदासारखा जळतो आणि राख हातात चुरते. पॉलिस्टर वितळतं आणि टोकाला काळा कडक मणी धरतं. ‘प्युअर कॉटन’ म्हणून आलेल्या अकरा साड्यांपैकी चार मण्यांच्या निघाल्या. पॉलिस्टरवर माझा राग आहे तो सुईपायी. हाताच्या सुईला ते कापड नीट आत घेत नाही, बोट दुखून येतं.

कुणबी कापडाचे, म्हणजे गोव्यातल्या कुणबी बायकांच्या साडीचे, दोन तुकडे मिळाले, लाल चौकड्यांचे. फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी कुणबी साडी रॅम्पवर नेली तेव्हापासून तिला पुन्हा मान आला आणि किंमतही आली. एरवी हे तुकडे कुणी पायपुसण्याला काढले असते. ओलं पांढरं फडकं वर घासून पाहिलं, लगेच गुलाबी झालं. म्हणजे तीन-चार पाणी काढल्याशिवाय हे पांढऱ्याच्या शेजारी बसवायचं नाही.

१२ सप्टेंबर, गुरुवार

काल पाच दिवसांचा गणपती पोचवला. गणपतीवर टांगलेल्या माटोळीची फळं अजून स्वयंपाकघरात आहेत. आज हिशेबाला बसले.

जावेच्या डोक्यात आहे की प्रत्येकीने घरी जाताना आपली गोधडी खांद्यावर टाकून जावं. फोटो छान येईल. मी तिला आकडे लिहून दाखवले. गोधडी पाच फूट बाय सात. ओळींमध्ये एक इंच अंतर ठेवलं तरी साठ ओळी, प्रत्येक ८४ इंचांची. म्हणजे ५,०४० इंच धावदोरा. इंचाला पाच टाके धरले तर २५,२०० टाके. नवशिक्या हाताला मिनिटाला बारा टाके दिले, आणि ते मी उदार होऊन दिले, तरी ३५ तास. दोरा ओवणं, गाठ मारणं, उसवणं, चहा वेगळा.

तीन दिवसांत खरं बसणं होईल दहा तास. मग दुपटं? अडीच फूट बाय तीन. तीस ओळी, ३६ इंचांच्या. १,०८० इंच, ५,४०० टाके, साडेसात तास. बसतं.

जाऊ म्हणाली, “दुपटं म्हणजे बाळाचं. बाळ नसेल तिने काय करायचं?” मांडीवर घ्यायचं, खुर्चीत टाकायचं, कुत्र्याला घालायचं. दुपटं ठरलं.

२९ सप्टेंबर, रविवार

जहाजाचा विषय आज मिटला.

मुंबईच्या एका एजंटशी जावेचं तीनदा बोलणं झालं. आज त्याने फोन स्पीकरवर लावायला लावून मला अटी सांगितल्या. इस्त्री आणायची नाही, आगीची भीती. हे मला पटलं. चार इंचांहून लांब पात्याची कातर नको. तेही ठीक, दोरा तोडायला छोटी पुरते, कापड घरूनच कापून नेता येतं. सभागृह दुपारी तीन ते पाच. मुंबई-गोवा म्हणजे जहाज संध्याकाळी सुटणार आणि सकाळी मुरगावला लागणार. मी विचारलं, “मग हे तीन ते पाच कुठल्या दिवशीचे?” तो जरा थांबला. म्हणाला, येताना-जाताना मिळून बघू. पैशांचं विचारलं तर म्हणाला, “मॅडम, एक्स्पोजर मिळेल.”

माझी शाळेतली पस्तीस वर्षं एक्स्पोजरवरच गेली. नको म्हटलं.

अमेरिकेतल्या त्या बायकांचं जमतं कारण त्यांना मधले मोकळे दिवस मिळतात. समोर फक्त पाणी, उतरायला जागा नाही, मग बाई शिवायला बसते. एका रात्रीच्या प्रवासात माणसं जेवतात, नाचतात आणि झोपतात.

तसं बघितलं तर गोधडी आणि जहाज ही जोडी आमच्याकडे नवी नाही. सासरे सांगायचे, मुंबईहून पणजीला ‘कोकण सेवक’ने येताना डेकवर वळकटी सोडून जागा धरावी लागायची आणि रात्री वाऱ्यावर घरची गोधडीच कामाला यायची. त्यांच्या बोटीवर गोधडी शिकवायला कुणी नव्हतं, पांघरायला सगळ्यांकडे होती.

१३ ऑक्टोबर, रविवार

दसरा काल झाला. आज पहाटे निघून अनमोड घाटाने रामनगरवरून हल्याळच्या बाजूला जाऊन आलो. ह्यांनी गाडी चालवली आणि परत येईपर्यंत एकदाही ‘कशासाठी’ असं विचारलं नाही. याची नोंद राहू दे.

सिद्दी बायकांच्या गोधड्या बघायच्या होत्या. कवंद म्हणतात त्यांना. फोटोत पाहिल्या होत्या, पण फोटोत गोधडीची पाठ दिसत नाही, आणि मला पाठ बघितल्याशिवाय चैन पडत नाही.

सिद्द्यांचा आणि गोव्याचा संबंध लिहायला कडू आहे. पोर्तुगीजांनी आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून गुलाम करून इथे आणलेली ती माणसं. त्यांतली कितीतरी इथून निसटली, घाट चढून उत्तर कन्नडच्या रानात गेली आणि तिथेच राहिली. हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड. त्यांच्यात हिंदू आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत. घरात जी भाषा बोलतात ती कोंकणीच्या अंगाची. मी दुभाषी म्हणून ओळखीच्या एका शिक्षकाला सोबत घेणार होते. त्याची गरजच पडली नाही. ज्या मावशींकडे गेलो त्यांच्या बोलण्यातले काही शब्द मला नवे होते, पण “बस गो बाय” एवढं ऐकलं आणि मी ओट्यावर बसले.

मावशींनी गोधडी काढली. मी आधी पाठ उलटली. त्या हसल्या.

आता जे पाहिलं ते नीट लिहिते. मी आजवर शिकवत आले ते असं: वरचा पदर आधी पुरा जोडून घ्यायचा, खाली अस्तर, मध्ये जुनेर, मग कच्चे टाके घालून सगळं बांधायचं आणि धावदोरा मधून सुरू करून कडेकडे न्यायचा. कारण सोपं आहे. कडेकडून आत आलं तर वरच्या कापडाचा सगळा ढिलेपणा मध्ये गोळा होतो आणि तिथे फुगा येतो. परीक्षेत मी याचे दोन गुण ठेवायचे.

मावशी कडेपासून सुरू करतात. खाली एक साडी पसरलेली. एका कोपऱ्यात पहिला तुकडा ठेवतात, त्याची कड दुमडतात, टाके घालत पुढे जातात, शेजारी दुसरा तुकडा ठेवतात. असं करत चारी कडा फिरून आतल्या फेरीत शिरतात. एकेक फेरी आत, मध्यापर्यंत. माझ्या नियमाने त्यांचे दोन गुण गेले.

पण फुगा कुठेच नाही. मी हात फिरवून, उजेडावर धरून पाहिलं. मग लक्षात आलं. त्यांच्याकडे वरचा पदर आधी तयारच नसतो. प्रत्येक तुकडा सुई त्याच्यापर्यंत पोचल्यावर पसरला जातो, त्यामुळे पुढे ढकलायला ढिलं कापड उरतच नाही. वरचा पदर आणि शिवण एकदमच होतात. माझा नियम बरोबर आहे, पण तो जोडून ठेवलेल्या पदराचा आहे. तीस वर्षं मी तो सगळ्या गोधड्यांचा म्हणून सांगितला.

चारी कोपऱ्यांना घड्या घालून बसवलेले छोटे त्रिकोण असतात, एकावर एक. फुलं म्हणतात त्यांना. मी विचारलं, हे नाही लावलं तर? मावशी म्हणाल्या, मग ती नागडी.

शिकवायला याल का, असं विचारलं. किती दिवस, कुठे झोपायचं, कोण सोबत, पैसे किती आणि कधी, हे सगळं त्यांनी त्याच क्रमाने विचारलं. मी एवढा नीट हिशेब त्या एजंटकडेही मागितला नव्हता. भाचीला घेऊन येईन म्हणाल्या. अर्धे पैसे आधी.

२७ ऑक्टोबर, रविवार

दिवाडीला घर मिळालं. पिएदादच्या बाजूला, जुनं, पुढे बल्कांव म्हणजे बसायचा ओटा, आत लाल सिमेंटची जमीन. मालकीण आंटी एकट्या राहतात. सहा खोल्या. खिडक्यांना काचेच्या जागी शिंपल्यांचे पातळ तुकडे आहेत, जुन्या गोव्याच्या रीतीचे. जाऊ फोटो काढत सुटली. मी आत उभी राहून सुईत दोरा ओवायचा प्रयत्न केला. तिसऱ्या खेपेला ओवला. उजेड दुधासारखा येतो, बघायला सुंदर आणि शिवायला निकामी. म्हणजे वर्ग बल्कांवात.

तारीख आम्ही ६ डिसेंबर धरली होती. आंटींनी कपाळाला हात लावला. २१ नोव्हेंबर ते ५ जानेवारी सेंट फ्रान्सिस झेवियरच्या अवशेषांचं दर्शन आहे, दहा वर्षांनी येतं ते. जुन्या गोव्याच्या धक्क्यावर मुंगी शिरायला जागा नसेल, तुम्ही बारा बायका आणि बारा गाठोडी कशी आणणार? आम्हा दोघींच्या डोक्यात हे आलंच नव्हतं, आणि आम्ही गोंयकार. १० ते १२ जानेवारी ठरवलं.

१७ नोव्हेंबर, रविवार

घरी चाचणी वर्ग. पाच जणी. दोन शेजारणी, जावेची मैत्रीण, माझी एक जुनी विद्यार्थिनी आणि तिची सासू.

घड्याळ लावून टाके मोजले. मिनिटाला बारा? सात. सासूचे चौदा, पण ती जन्मभर शिवत आलेली, तिला धरायचं नाही. सातच्या हिशेबाने दुपट्याला जवळजवळ तेरा तास लागणार. आपल्याकडे दहा.

जावेने लगेच दीड फुटाचं आसन सुचवलं, चार तासांत होईल. मला ते पटेना. चार तासांचं काम तीन दिवस पुरवायचं म्हणजे उरलेला वेळ त्यांना खेळवत बसणं. शिवाय आसनात फुलं लावायला कोपरे असतात, पण आत शिरायला फेऱ्या कितीशा?

दुपारी जेवण झाल्यावर ताटं उचलताना सुचलं. मावशींची पद्धत घेतली तर दुपटं अर्धवट राहिलं तरी बिघडत नाही. माझ्या पद्धतीने अर्धवट सोडलं तर कडा मोकळ्या, थर सुटे, पिशवीत घातलं की दोरे निघणार. महिन्याने उघडून बघेल ती परत गुंडाळून ठेवेल. कडेकडून आत आलं तर कडा पहिल्या दिवशीच बंद होतात, फुलं लागतात, आणि राहतो तो मधला भाग. तो घरी, टीव्हीसमोर, कुठेही होतो. दहा तासांत सातने ४,२०० टाके, म्हणजे ८४० इंच. पाऊण दुपटं होईल.

जावेला समजावलं. “म्हणजे मध्ये भोक असलेली गोधडी घेऊन लोक घरी जाणार,” ती म्हणाली. हो. आणि भोक नाही ते, खाली साडी आहे.

८ डिसेंबर, रविवार

बारा जागा भरल्या. फोंडा, डिचोली, म्हापसा, पणजी, दोघी बेळगावहून, एक पुण्याची. शुल्क ₹९,५००. पुण्याच्या ताईंनी फोनवर विचारलं, मशीन मिळेल का? नाही. रोटरी कटर? तोही नाही. जपानच्या ओल्फा कंपनीने १९७९ साली ते काढलं आणि अमेरिकेतल्या गोधडीवाल्यांचं कापणं एकदम सोपं झालं, हे मला माहीत आहे. पण बारा नवख्या हातांत पिझ्झा कापायच्या चाकासारखं फिरणारं पातं द्यायचं धाडस मी करणार नाही. कापड हाताने फाडायचं. फाडलेलं कापड धाग्याच्या सरळ रेषेतच फाटतं, पट्टी लावायची गरज नसते.

पिशव्या भरल्या. प्रत्येकीत खालच्या साडीचा तुकडा, रंगीत तुकडे, जाड सुती दोरा, मेणाची वडी, अंगुस्तान आणि दोन सुया. सुईच्या नंबराचा घोळ दरवर्षी होतो म्हणून चिठ्ठी घातली: नंबर वाढतो तशी सुई बारीक होते.

२ जानेवारी २०२५, गुरुवार

होडी ठरली. जहाज गेलं तरी जावेला पाणी हवंच होतं. शनिवारी दिवाडीहून चोडणच्या कांदळवनाकडे, अडीच तास. होडीवाल्याने आधी माणसं मोजली, मग लाइफ जॅकेटं मोजली, मग माझ्याकडे बघून म्हणाला, “भरती पळोवन येयात.” भरती बघून या. आम्ही दुपारची वेळ सांगत होतो. सोमवारी पौर्णिमा, म्हणजे ओहोटीही मोठी. दुपारी खाडीत गेलो तर चिखलात बसून गोधडी शिवावी लागेल. सकाळची भरती धरली.

१० जानेवारी, शुक्रवार

जुन्या गोव्याच्या फेरीने नऊ जणी, डिचोलीच्या तिघी नार्वेहून. मावशी आणि भाची कालच आल्या, रात्री आमच्याकडे होत्या. सकाळी सासूबाईंचं आणि मावशींचं जे काही बोलणं चाललं होतं त्यातलं मला निम्मं कळलं, त्या दोघींना सगळं कळत होतं.

पहिला तास वाया. सगळ्या तुकडे मांडून रंग जुळवत बसल्या. हे आकाशी का ते, पिवळ्याशेजारी चालेल का, फोटो काढून मुलीला पाठवते. मावशी बघत राहिल्या. मग उठल्या, बेळगावच्या ताईंच्या ढिगातला हाताला आला तो तुकडा उचलला, कोपऱ्यावर ठेवला आणि चार टाके घातले. पुढचा ताई स्वतः ठेवतील म्हणून थांबल्या. त्यानंतर सगळ्यांचे हात चालू झाले.

इस्त्री नाही म्हणून नखाने मोड द्यायची. पुण्याच्या ताईंची नखं रंगवलेली. त्यांनी चमच्याची पाठ वापरली. हे मला सुचलं नसतं, पुढच्या पिशवीत लाकडी चमचा घालीन.

रात्री जेवताना कुणीतरी म्हणालं, गोधडी म्हणजे गरिबाचं पांघरूण. जावेने तिच्या हॉटेलातल्या वाचनाचा उपयोग केला. सोळाव्या-सतराव्या शतकात बंगालच्या सातगावच्या कारागिरांकडून पोर्तुगीज मोठमोठी भरतकामाची पांघरुणं करवून घ्यायचे, पांढऱ्या सुती कापडावर पिवळसर टसर रेशमाचं काम. कोल्शा म्हणायचे त्यांना. त्यांतली काही आजही लिस्बनच्या संग्रहालयात आहेत. मावशींनी विचारलं, शिवणाऱ्यांची नावं आहेत का तिथे? जाऊ म्हणाली, नाही. मावशींनी खतखतें, ती भाज्यांची आमटी, परत वाढून घेतलं.

११ जानेवारी, शनिवार

होडी.

नियम सांगितला होता: पाण्यावर सुई काढायची नाही. दहा मिनिटांत चौघींनी काढली. पंधराव्या मिनिटाला त्यांतल्या दोघी कठड्याकडे. मान खाली घालून बारीक बघायचं आणि बूड हलत असायचं, यात पोट राहत नाही. हे मी जन्मभर सांगत आले, मला कोणी विचारत नाही. मी स्वतः पलीकडच्या काठावर डोळे लावून बसले होते आणि मला काही झालं नाही.

एकट्या मावशी शिवत होत्या. बघतही नव्हत्या दुपट्याकडे, बोटं चालली होती.

कांदळवनात पाणी भरलं होतं, मुळं बुडालेली. खंड्या दिसला, दोन बगळे. होडीवाल्याने इंजिन बंद केलं तेव्हा कुणी बोललं नाही, ते बरं झालं. तरीही माझं मत वहीत लिहून ठेवते: होडी बघायला ठेवायची, शिवायला नाही. आणि ₹१८,००० फार.

परतल्यावर सुया मोजल्या. पाण्यावर निघालेल्यांत एक कमी. होडी झाडली, पदर झाडले, लोहचुंबक फिरवला. नाही. अनवाणी कुणी चालू नका म्हणून दिवसभर ओरडत होते.

दुपारी फुलं शिकवली. या दोन तासांसाठी सगळं केलं असं म्हणायला हरकत नाही. चौकोन, अर्धी घडी, परत घडी, त्रिकोण, मग कोपऱ्यात उलटा धरून टाका. भाची शिकवत होती, मावशी चुका काढत होत्या, शिकणाऱ्यांच्याही आणि भाचीच्याही. म्हापशाच्या मुलीचं फूल चार वेळा उसवलं. चौथ्यांदा तिने सुई टाकली आणि बल्कांवाच्या पायऱ्यांवर जाऊन बसली. शेताकडे बघत होती, वायंगणाच्या, म्हणजे हिवाळ्यातल्या भाताची लावणी चालली होती. मी गेले नाही. शाळेत असते तर गेले असते आणि काहीतरी धीराचं बोलले असते, आणि ती रडली असती. अर्ध्या तासाने आपणच आली.

१२ जानेवारी, रविवार

मोजले. पाऊण दुपटं तिघींचं. बाकीच्यांचं अर्धं-पाऊण यांच्यात. डिचोलीच्या एकीचं पुरं झालं, कारण तिने रात्री झोप घेतली नाही. तिचं कौतुक सगळ्यांनी केलं, मी केलं नाही. शेवटच्या फेऱ्यांचे टाके अर्धा इंच लांब होते.

आंटींनी निघताना प्रत्येकीला पोई, म्हणजे गोव्याचा पाव, बांधून दिली.

१६ जानेवारी, गुरुवार

हिशेब. जमा ₹१,१४,०००. घर दोन रात्री ₹२८,०००. जेवणखाण ₹३३,६००. होडी ₹१८,०००. मावशी, भाची आणि गावातल्या एक आजी दोन दिवस मदतीला होत्या, तिघींना प्रत्येकी ₹६,०००, एकूण ₹१८,०००. पिशव्यांचं सामान ₹७,८००. गाड्या ₹६,५००. खर्च ₹१,११,९००. शिल्लक ₹२,१००.

जावेने वाटणी केली, माझ्या हातावर ₹१,०५० ठेवले आणि म्हणाली, “वयनी, एक्स्पोजर वेगळं.”

९ मार्च, रविवार

शिमगा तोंडावर आहे, पुढच्या वेळेचं आजच लिहून टाकते. होडी बंद, किंवा ज्यांना हवी त्यांनी वेगळे पैसे भरून संध्याकाळी जावं. पहिल्या दिवशी रंग जुळवायला घड्याळ लावून पंधरा मिनिटं. लाकडी चमचा. सुया प्रत्येकीला दोनऐवजी एक.

आतापर्यंत पुरी झालेली दुपटी फोटोतून पाच आली. म्हापशाच्या मुलीचं पाचवं. चारी फुलं सरळ आहेत, मध्ये तिच्या आईच्या साडीचा तुकडा. तिने विचारलं होतं, सगळ्यात शेवटचा टाका कुठे संपवायचा, गाठ दिसते. मी मावशींना फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, गाठ दिसू दे. मग म्हणाल्या, डिसेंबरात घेणार असाल तर बारा बायका नकोत, आठ. बारांच्या चुका दोन डोळ्यांना दिसत नाहीत. पैसे मात्र तेवढेच, अर्धे आधी. आणि या वेळी सूनही येईल, तिचं वेगळं लिहा.

लिहिलं. आठ जणींत हे बसवायचं तर शुल्क वाढवावं लागेल, नाहीतर आंटींशी घराच्या भाड्याचं बोलावं लागेल. होडी गेली की ₹१८,००० सुटतात, त्यांतून सुनेचे ₹६,००० निघतील. उरलेलं जावेला विचारायचं.